बिब्बा सोसलेली सून

सोयरीक जुळवताना लोक काय काय बघतात. कुणी पत्रिका बघतं, कुणी पोरीला चालायला लावतं, कुणी भाकरी थापायला बसवतं. घाटाखालच्या वाडीतलं शाईवाल्यांचं घर मात्र बिब्बा बघायचं. पोरगी गोरी असो नाहीतर सावळी, शिकलेली असो नाहीतर अंगठेबहाद्दर, तिच्या डाव्या कोपराखाली तापल्या बिब्ब्याचा एक टिपका द्यायचा आणि एक-दोन दिवस वाट बघायची. कातडी शांत राहिली तर सुपारी फोडायची. लाली पसरली, फोड उठला, तर पुढचं बोलणंच बंद. मग कुणाला वाईट वाटो नाहीतर राग येवो.

कारणही तसंच होतं. ह्या घरात पळसाच्या फुलांचा पिवळा रंग होई, हिरडा आणि गंजकं लोखंड उकळून काळी शाई होई, पण ते काय, आणखी चार घरं करीत. बिब्ब्याची शाई मात्र एकट्या ह्यांची. बिब्ब्याचं तेल, चुन्याची निवळी आणि काजळ घोटून केलेली. बेळगावात खासबागेतले विणकर थानाच्या टोकाला तिनं खूण घालीत. मग ते थान उकळा, भट्टीत घाला, हव्या त्या रंगात बुडवा, खूण हलायची नाही. पण बिब्बा म्हणजे काही तुळशीचं पान नव्हे. ज्याला तो सोसत नाही त्याच्या अंगाची आग आग होते. बिब्बा उतला म्हणतात त्याला. अशी सून घरात आणून करायची काय?

मनुबाई स्वतः कोपरावर टिपका घेऊनच ह्या घरात आली होती. तिला काही झालं नाही, आणि पुढं उभ्या जन्मात कधी झालं नाही. नवरा गेला, सासू गेली, तरी दरवर्षी माघात ती बिब्बे फोडायला बसली, आणि तिची बोटं काळी पडली तेवढीच. युवराजला, तिच्या एकुलत्या एक पोराला, बायको करायची वेळ आली तेव्हा खानापूरकडची एक चांगली पोरगी तिनं नाकारली, कारण टिपका दिल्या दिवशीच त्या पोरीचा हात टम्म फुगला. पुढं चिकोडीच्या बाजूला दिपाली बघितली. टिपका दिला, दुसऱ्या दिवशी हात उलटासुलटा करून बघितला, उन्हात नेऊन बघितला. कातडी अशी स्वच्छ, की मनुबाईनं तिथंच पोरीच्या पाठीवर थाप मारली.

"माझ्या घरची हाय ही," म्हणाली. "बिब्बा सोसलाय हिला."

लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात दिपालीला दिवस गेले होते. गरवार बाईनं बिब्ब्याच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही असा घरचा दंडक, म्हणून ते दोन-तीन महिने तिला माहेरीच ठेवली. पावसाच्या तोंडावर पोरगी झाली. आरोही. मनुबाईला नात म्हणजे जीव की प्राण. आणि ह्या वर्षी, मार्गशीर्षात पहिले बिब्बे पिकले न पिकले तोच, डोंगराच्या उतारावर टोपलीसकट मनुबाईचा पाय घसरला. उजवं मनगट मोडलं. निपाणीत प्लास्टर घातलं, ते निघालं, पण मनगट वाकडं ते वाकडंच राहिलं. बोटं मिटली तर उघडत नव्हती, उघडली तर मिटत नव्हती. पोळपाटावरचं लाटणं धरवेना, तिथं बिब्ब्याचं दाभण काय धरवणार?

युवराज कारखान्याच्या उसाच्या ट्रॅक्टरवर. हंगाम जोरात, आठ-आठ दिवस घराचं तोंड दिसत नसे त्याला. राहिली कोण? दिपाली.

परड्यातल्या छपराखाली दोघी बसल्या. आरोहीला मनुबाईनं डाव्या मांडीवर घेतली होती. दिपालीनं हाताला खोबरेल चोळलं, वर राख चोळली, आणि सासू सांगेल तसं दाभण उचललं.

"बिब्ब्याच्या बुडात रुतीव. आरपार न्हाय गं, आरपार कशाला? हां. आता ज्योतीवर धर. तोंड मागं घे की, वाफ जाईल डोळ्यात."

बिब्बा तडतडला. काळपट तेल फेसाळत बाहेर आलं आणि थेंब थेंब खालच्या वाडग्यात पडू लागलं. दिपालीनं तोंड मागं घेतलं, पण दाभण सोडलं नाही. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. पिळून निघालेली टरफलं मनुबाई पायानं एका बाजूला सारत होती. न्हाणीच्या चुलीला ती जळण म्हणून झकास चालत.

"हात चांगला बसलाय तुजा," मनुबाई म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं होतं. आपलं मनगट गेलं तरी घरची शाई जात नाही एवढं तिला पुरे होतं.

संध्याकाळी भाकरी थापताना दिपाली सासूला म्हणाली, "आत्या, बोटांच्या बेचक्यात लई खाजतंय."

"नवं हाय म्हणून. उद्या राख जास्ती लाव."

दुसऱ्या दिवशी बोटांवर बारीक पुरळ आलं. तिसऱ्या दिवशी त्यातून पाणी सुटलं आणि मनगटापर्यंत कातडी लालबुंद झाली. मनुबाईनं सुकं खोबरं चावून त्याचा लगदा तिच्या हातावर बांधला, कोथिंबिरीचा रस लावला. वर थोडं खोबरं खायलाही दिलं. माया नव्हती असं कुणी म्हणू नये. पण सकाळी दाभण परत तिच्यापुढं ठेवलं.

"आजच्या दिवस ऱ्हाऊ दे की आत्या."

"एकदा खंड पडला की बिब्बं वाळत्यात. मग तेल काय दगडातनं काढायचं? सोसलाय तुला. अंगाला वळण पडू दे, आपोआप बसंल."

त्या रात्री दिपालीच्या डोळ्यांना सूज चढली. सकाळी उठली ती पापण्या चिकटूनच. पोरीला पाजायला घ्यायचं म्हटलं तर तिला हाताला काही लागलेलं सोसवेना, म्हणून मनुबाईनंच आरोहीला तिच्या छातीशी धरली. पोरगी पीत होती आणि आईच्या फुगलेल्या तोंडाकडं टकाटका बघत होती.

शेजारची अक्काताई विस्तव मागायच्या निमित्तानं आली आणि दारातच उभी राहिली.

"अगं बया! मनुबाई, ह्या पोरीला बिब्बा उतलाय की."

"उतंल कसा?" मनुबाई फणकारली. "म्या माझ्या डोळ्यानं बघितलंय हिचा हात. डाग नव्हता."

"पर दिसतंय की डोळ्याला."

"दिसतंय ते दिसतंय. पर बिब्बा न्हवं."

हे बोलली, आणि तिथंच तिच्या मनात ते आलं. बिब्बा नव्हे, तर मग काय? पुढं वेगळ्या निघालेल्या तिच्या धाकट्या जावेनं मागं एकदा कुंपणाच्या शेराचा चीक हाताला चोळून घेतला होता, काम चुकवायला. असेच फोड. अशीच आग. महिनाभर बाई बाजल्यावर बसून खात होती. मनुबाईला त्या वेळचा राग आजही जसाच्या तसा होता.

दिपाली न्हाणीत गेली तशी ती आत शिरली. सुनेची वळकटी सोडली, उशी चाचपली, पिशवीतले कपडे एक एक झटकले. काही मिळालं नाही. मग ती परसाच्या कुंपणाशी गेली. शेराच्या दोन फांद्या मोडलेल्या होत्या आणि मोडल्या जागी पांढरा चीक वाळला होता.

झालं. दिपाली बाहेर आली तेव्हा मनुबाई फांदी हातात घेऊन उभी होती आणि अक्काताई अजून ओट्यावरच होती.

"ह्ये काय?"

दिपालीला धड दिसत नव्हतं. तिनं मान तिरकी करून बघितलं. "शेर हाय."

"कुणी मोडला?"

"मला काय म्हाईत? शेळी शिरली असंल."

"हात फुडं कर."

"आत्या..."

"हात फुडं कर म्हणतो न्हवं!"

दिपालीनं हात पुढं केले. मनुबाईनं ते फोड आलेले हात नाकाशी नेऊन हुंगले. एकदा, दोनदा. अक्काताईनं मान दुसरीकडं फिरवली. दिपालीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते सुजेचं की दुसरं कशाचं ते कळायला मार्ग नव्हता.

"मला कामाचा कट्टाळा न्हाय आत्या," ती हळू म्हणाली. "आमच्यात मी भांगलण केलोय, तंबाखू खुडलोय. माझं अंग जळतंय वो."

"मग तवा का न्हाय जळलं?"

दिपाली हात अंगापासून लांब धरून आत गेली.

दुपारी खासबागेतून चिंतामणी अण्णांचा फोन आला. मनुबाईच्या सासऱ्याच्या काळापासून शाई त्यांच्याकडं जायची. माणूस भला, पण आता कारभार पोरांच्या हातात गेलेला.

"मनुबाई, शाई कधी येणार? पोरं म्हणालीत आता मार्कर मिळतोय तसला, कशाला थांबायचं. मीच धरून ठेवलोय त्यांना. ह्या डावाला चुकलं तर माझं काही चालायचं न्हाय बघा."

"येणार अण्णा. होळीच्या आत येणार. आमच्या घरची शाई कधी चुकल्या का?"

फोन ठेवला आणि ती तशीच बसून राहिली. ह्या घराला शेत होतं, पण ते चार घरांसारखंच. म्हस होती, ती चार घरांसारखीच. शाईवाले म्हणून लोक ओळखत ते शाईमुळं. ती बंद झाली तर आपण कोण, हे मनुबाईला खरंच सांगता आलं नसतं.

त्याच संध्याकाळी युवराज आला. अंगाला उसाचं पाचट, डोळे तांबडे. बायकोचं तोंड बघून तो दारातच थबकला.

"आई, हिला दवाखान्यात न्यायला पायजे."

"ने की. डॉक्टर काय सांगणार? बिब्बा उतला म्हणणार. आणि मी म्हणणार उतायचा न्हाय, मी बघून आणलोय. मग?"

"असंल एखाद्याचं तसं."

"एखाद्याचं तसं नसतंय युवराज. आजपतोर ह्या घरात कुठल्या सुनंला उतलाय? तुझ्या आजीला? मला? एक तर ही काय तरी लावून घेत्या, न्हाय तर तवा हिच्या आईनं हाताला काय तरी चोळून आम्हाला फसवलंय. तिसरं काय हाय सांग."

युवराज हातपाय धुवायला न्हाणीकडं वळला. तो वाईट नव्हता. पण आईपुढं त्याचं तोंड लहानपणापासून उघडत नव्हतं. पहाटे ट्रॅक्टर घेऊन निघताना तो दिपालीला एवढंच म्हणाला, "दोन दिवस कळ काढ. खेप टाकून आलो की निपाणीला जाऊया." दिपालीनं मान हलवली. तो गेला.

मनुबाईनं मात्र चिकोडीकडं निरोप धाडला. दिपालीची आई राजाबाई धावत पळत आली, हातात लेकीसाठी आणलेली दशम्यांची पिशवी. लेकीला बघितलं आणि पिशवी तिथंच खाली ठेवून तिच्या तोंडावरून हात फिरवायला गेली.

"थांबा इहीनबाई," मनुबाई म्हणाली. "आदी एक सांगा. त्या दिवशी पोरीच्या हाताला काय लावलं हुतं?"

"कवा?"

"बिब्बा बघितला तवा. खोबरेल जिरवलं हुतं का? का गोळ्या दिल्या हुत्या?"

राजाबाई तिच्याकडं बघतच राहिली. मग काय ते तिला उमगलं, तसा तिचा चेहरा काळवंडला. गरीब बाई, पण कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली. तिनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"लेकीची आन घेऊन सांगतो. काय लावलं न्हाय. रातभर तुमची माणसंच हुती की घरात."

"आना कुणीबी घेतंय."

"आमी गरीब हाय इहीनबाई, लबाड न्हाय."

"मग माझे डोळं लबाड हायत?"

राजाबाई रडायला लागली. पदराचा बोळा तोंडात कोंबून, आवाज न करता. अक्काताई ओट्यावरून बघत होती, आणखी दोन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. आपल्या आईला असं चारचौघींत उभं केलेलं दिपालीला बघवेना. ती उठली. भिंतीला धरत छपराखाली गेली, सुपातला एक बिब्बा चाचपून काढला आणि सासूपुढं धरला.

"लावा आत्या. परत लावा. काय ते एकदा हून जाऊ दे. पर माझ्या आईला बोलू नका."

"नगं पोरी," राजाबाई म्हणाली.

"लावू द्या. मी लबाड असलो तर दिसंल, नसलो तरी दिसंल."

इथं मनुबाईनं थांबायला हवं होतं. तिच्या मनातही क्षणभर तसं आलं; पोरीचा हात इतका सुजलेला होता की टिपका द्यायला चांगली जागा शोधावी लागली. पण बघणाऱ्या बायका होत्या, आणि आपलं खरं की ह्यांचं खरं ह्याचा एकदाचा निकाल लागायला तिला हवा होता. तिनं डाव्या हातानं बिब्बा दाभणावर धरला, ज्योतीवर तापवला, आणि कोपराच्या वर, जिथं कातडी अजून शाबूत होती तिथं, टेकवला. दिपालीनं हूं की चूं केलं नाही. राजाबाईनं आरोहीला उचलून पाठ फिरवली.

निकाल लागायला दोन दिवस लागले नाहीत. अंधार पडेपर्यंत टिपक्याभोवती तळहाताएवढी लाली झाली. सकाळी दंड खांद्यापर्यंत सुजला होता, मोठमोठे फोड आले होते, आणि पोरीला थंडी वाजून ताप भरला होता.

मनुबाईनं ते बघितलं. आता तरी तिच्या डोक्यात उजेड पडावा की नाही? पण माणूस एकदा एका गोष्टीला धरून बसला की सगळं तिकडंच वळवून घेतो. ती राजाबाईला म्हणाली, "म्हणजे हिला बिब्बा सोसतच न्हवता. तवा फसवलंसाच आमाला."

राजाबाई लेकीच्या कपाळावर ओला फडका ठेवत होती.

माघातली सकाळ, अंगात कळ उठावी असा गारठा. दिपाली कुडकुडत होती. मनुबाईचा राग राग होता, पण पोर गारठून मरावी असं काही तिच्या मनात नव्हतं. "हिकडं शेकाय आण तिला, चुलीम्होरं," असं राजाबाईला म्हणाली आणि दिपालीला न्हाणीच्या चुलीपुढं घोंगड्यात गुंडाळून बसवली. लाकूड ओलं होतं, धुमसत होतं. मग तिनं रोजच्यासारखी बिब्ब्याची टरफलं ओंजळीनं उचलली आणि चुलीत टाकली. भर्रकन जाळ झाला. काळा, तेलकट धूर उठला आणि छपराखाली दाटला.

राजाबाई बाळाला घेऊन दारात होती. तिला आधी वाटलं लेकीला ठसका लागला. मग घोंगडं बाजूला पडलं. दिपाली दोन्ही हातांनी गळा धरून उठायला बघत होती. ओठ फुगून उलटे झाले होते आणि श्वास घेताना गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येत होता.

"आत्या..." एवढंच म्हणाली. पुढं आवाज फुटला नाही.

मनुबाईनं चुलीतली लाकडं हातानं ओढून बाहेर काढली, घागर ओतली, सुनेला डाव्या हातानं फरफटत बाहेर अंगणात आणली. अक्काताईच्या पुतण्याची टमटम होती. निपाणीत डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, नळी लावली, आणि म्हणाला आमच्याकडं ठेवून घेत नाही, बेळगावला न्या, एका मिनिटाचाही उशीर करू नका. अॅम्ब्युलन्समध्ये आई बसली. मनुबाई नातीला पोटाशी धरून मागून एसटीनं गेली. वाटेत पोरगी आईच्या दुधासाठी रडून रडून निळी झाली, एका अनोळखी बाईनं बाटलीतलं दूध दिलं तेव्हा गप्प झाली.

दिपाली वाचली. पण कितीतरी दिवस ती काचेच्या आड होती. गळ्याला भोक पाडून नळी घातली होती. तोंडावरची, हातावरची कातडी सोलून निघाली.

त्या वॉर्डातली डॉक्टरीण वयानं लहान, भैरवी नावाची. तिनं एकदा सगळ्यांना बाकावर बसवलं. युवराज, राजाबाई, मनुबाई.

"ह्यांना पहिल्यांदा बिब्बा कधी लागला?"

"लग्नाआदी," मनुबाई म्हणाली. अजूनही तिचा आवाज खणखणीत होता. "मीच टिपका लावला हुता, बघाय. तवा हिला कायबी झालं न्हाय. डाग म्हणून न्हाय. म्हणून तर सून केली. मग आताच कसं झालं, तेवढं मला सांगा."

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. "आजी, पहिल्या वेळेला काही होतच नाही. बहुतेक कुणालाच होत नाही. पहिल्यांदा अंग त्या तेलाला नुसतं ओळखून ठेवतं. मग पुढं कधीही लागलं की ते पेटून उठतं."

"मला तर जन्मात कधी झालं न्हाय."

"काही लोकांना कधीच होत नाही. पण ते पहिल्या टिपक्यावरून कळत नाही. बिब्बा कधीच न लागलेल्या शंभर पोरींना तुम्ही टिपका दिला असता तर शंभरांचे हात स्वच्छ राहिले असते. उलट ज्या पोरीला तो टिपका लागतो, तिच्या अंगात तिथूनच हे सुरू होतं."

ती उठून गेली. तिला पुढं पेशंट होते. तिला काय माहीत तिनं काय केलं.

मनुबाई बाकावर बसून राहिली. खानापूरकडची ती पोरगी तिच्या डोळ्यांपुढं आली. तिची आई तेव्हा गयावया करून म्हणत होती, लहानपणी हिच्या पायात काटा मोडला हुता, तवा आमी बिब्ब्याचा चटका दिला हुता, त्यानं असंल वो. मनुबाईनं ऐकून घेतलं नव्हतं. आणि ही दिपाली. हिच्या अंगात ते विष कुणी घातलं? आईनं नव्हे. शेरानं नव्हे. उन्हात नेऊन हात उलटासुलटा करून बघणारीनं घातलं. वर परत एकदा घातलं, चार बायका साक्षीला ठेवून. वर त्याचा धूर दिला.

शेजारी राजाबाई बसली होती. मनुबाईनं तिच्याकडं मान वळवायचा प्रयत्न केला पण तिच्यानं ती वळवली गेली नाही.

"इहीनबाई," शेवटी ती समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाली, "तुमी लबाड न्हवतासा."

"म्हाईत हाय मला," राजाबाई म्हणाली.

दिपालीला सोडताना डॉक्टरणीनं युवराजला नीट समजावून सांगितलं. बिब्बा नको, त्याचा धूर नको, तो जिथं हाताळला ती भांडी नकोत, कपडे नकोत. कैरीचा चीकसुद्धा लागू द्यायचा नाही. ज्यांचे हात बिब्ब्यात असतात त्यांनीही तिच्याजवळ जाऊ नये, तिच्या वस्तूंना शिवू नये. परत असं झालं तर इथंपर्यंत पोचेलच ह्याचा भरवसा नाही. युवराज सगळं ऐकून घेत होता, आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं आईला न विचारता ठरवलं. निपाणीत एक खोली बघितली. दिपाली आणि पोरगी दवाखान्यातून तिकडंच गेली.

मनुबाई एकटीच वाडीवर परतली. चिंतामणी अण्णांचा फोन आला तेव्हा म्हणाली, "शाई न्हाय अण्णा. आता कधीच न्हाय." ते काही विचारायच्या आत तिनं फोन ठेवला. उरलेले बिब्बे तिनं डोंगरात लांब नेऊन खड्डा करून पुरले. वाडगी पुरली, दाभणं पुरली. छप्पर मोडून काढलं. एका हातानं सगळं. मग घर खरवडायला लागली. भिंती, उंबरा, चुलवण. रिठा लावून, राख लावून, दगडानं घासून. अक्काताई म्हणायची, पुरे कर बाई, मरशील. मनुबाईला वाटायचं, घर धुऊन निघालं तर पोरं परत येतील. दुसरं तिला काही नको होतं.

पाडव्याच्या आधी ती निपाणीला गेली. न्हाऊन, कोरं लुगडं नेसून, हात साबणानं कितीदा तरी धुऊन. खोली गल्लीच्या टोकाला होती, पुढं छोटासा ओटा. दिपाली दारात बसून तांदूळ निवडत होती. तोंडावर आणि हातांवर काळे पांढरे डाग, गळ्याला वळ. सासूला बघून ती चटकन उठली आणि दोन पावलं आत सरकली.

"आत्या, तिथंच थांबा."

आवाज घोगरा झाला होता तिचा. ओळखू येत नव्हता. मनुबाई रस्त्यातच थांबली.

"पोरी, चुकलं माझं," ती म्हणाली. येताना वाटेत पुष्कळ काय काय जुळवलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं. "माझ्या हातानं तुजं वाटुळं झालं. मला शिव्या दे, काय वाटंल ते बोल."

"काय बोलू?"

"बिब्बं टाकलो मी सगळं. घर धुतलो. भिंती खरवडून काढलो. चल घरी."

दिपालीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच मनुबाईला सोसवत नव्हतं.

"मला तुमचा राग न्हाय आत्या," दिपाली म्हणाली. "मला तुमचं भ्या वाटतंय. झोपेत सुदीक धुराचा वास येतोय आणि दम कोंडतोय. त्या घरात मी पाय ठेवायची न्हाय. तुमच्या हातात पंचवीस-तीस वरसाचा बिब्बा मुरलाय, तो कशानं धुवायचा? माझा जीव गेला तर पोरीकडं कोण बघणार?"

मनुबाईनं आपल्या हातांकडं बघितलं. बोटांच्या रेघा काळ्याच होत्या.

"मी जवळ येत न्हाय," ती म्हणाली. "लांबनं बघून जातो. कवा तरी."

तेवढ्यात आतून आरोही रांगत आली. आता चांगली धिटाईनं रांगत होती. तिनं रस्त्यावर उभ्या असलेल्या आजीला ओळखलं आणि अख्खं तोंड भरून हसली. दवाखान्यातले ते सगळे दिवस हिच्याच अंगावर तर झोपली होती पोरगी. ती भराभर ओट्याच्या कडेपर्यंत आली आणि दोन्ही हात वर करून घे म्हणाली.

"आत्या, घेऊ नका," दिपाली घाईनं म्हणाली. "तुमी तिला शिवल्यावर मला घेता याची न्हाय."

मनुबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. पोरगी हात वर करून तशीच थांबली, मग आजी घेत नाही म्हणून ओठ काढायला लागली.

"आत ने तिला," मनुबाई म्हणाली. "पडंल."